पुरणाचा हिशेब

“अगं, तू तर कॉन्व्हेंटची! तू काय मराठी विभागात लिहिणार?” मॅगझिनच्या नोटीसखाली मी नाव टाकलं तेव्हा वर्गातली पहिली प्रतिक्रिया ही होती. खरं आहे. शाळेत बारा वर्षं मराठी हा माझा फक्त एक विषय होता, तोही कसाबसा पास होण्यापुरता. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं अजूनही वैर आहे. लहानपणी मी निबंधात पुरणपोळीला ‘गोड डाळीची चपाती’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी त्याखाली लाल पेनाने एक मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तर मित्रांनो, ही कहाणी त्या गोड डाळीच्या चपातीचीच आहे. चुकाल तिथे सांभाळून घ्या, म्हणजे मी चुकेन तिथे!

आधी एक कबुली देऊन टाकते. फर्स्ट इयरला ओळखपरेड चालू होती तेव्हा “कुठे राहतेस?” या प्रश्नाला मी “वरळी” एवढंच उत्तर द्यायचे. समोरचा “ओ, सी-फेस?” म्हणाला की मी नुसती हसायचे. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. वरळी तर खरीच होती. पण सी-फेस नाही, बीडीडी चाळ. दुसरा मजला, खोली नंबर ४७. एकशे साठ चौरस फूट. त्यात आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. एका कोपऱ्यात मोरी, वर माळा, आणि संडास बाहेर, सगळ्या मजल्याला मिळून.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० च्या दशकात गिरणी कामगारांना राहायला म्हणून सरकारने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. सिनेमातल्या चाळीसारखी बाहेरून गॅलरी नाही. मधून लांबलचक अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. आमच्या दारातून बघितलं तर समोरच्यांच्या घरातला टीव्ही दिसायचा आणि त्यांना आमचा. त्यामुळे दोघांनीही एकच चॅनल लावायचं, असा अलिखित करार होता.

सेकंड इयरला ‘काँक्रीट टेक्नॉलॉजी’ शिकवताना सरांनी फळ्यावर स्लॅबचं चित्र काढलं. पाणी आणि हवा आत शिरतात, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून दाबून वरचं काँक्रीट फोडतो. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी मात्र हसले, कारण हे चित्र मी रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बघत होते. आमच्या माळ्याशेजारी अशी एक सळई उघडी पडली होती आणि बाबांनी तिला पंखा टांगण्याचा विचार दोनदा बोलून दाखवला होता. शंभर वर्षं हे काँक्रीट उभं राहिलं हेच खूप झालं. त्यामुळे पुनर्विकास होणार, एकशे साठच्या जागी पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार, स्वतःचा संडास मिळणार, याचा मला आनंदच होता. जुनं ते सोनं वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री दोन वाजता टमरेल घेऊन त्या पॅसेजमधून चालून दाखवावं.

आमच्या चाळीचा नंबर लागला तो २०२५ मध्ये. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या असं ठरलं. कुणी भाड्याचं घर शोधलं, कुणी मुलाकडे डोंबिवलीला, कुणी तात्पुरत्या घरात. आणि होळी होती १३ मार्चला, गुरुवारी. म्हणजे या चाळीतली शेवटची.

पॅसेजमध्ये मीटिंग भरली. मीटिंग म्हणजे सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्यावर बसून एकाच वेळी बोलायचं. एरवी होळीला प्रत्येक घरात वेगळं पुरण शिजतं आणि मग संध्याकाळी ताटं इकडून तिकडे फिरतात. या वेळी ठरलं की वेगळं काही नाही. अख्ख्या मजल्याचं पुरण एकत्र, एका चुलीवर (गॅसवर हो!), आणि पंगत पॅसेजमध्ये. लगेच वाद सुरू झाला. ४४ नंबरच्या काकू रत्नागिरीकडच्या. त्यांना पोळीबरोबर नारळाचं दूध पाहिजे. आमची आजी सातारची. तिच्या मते येळवणीची आमटी झणझणीत नसेल तर तो सणच नव्हे. ५९ नंबरवाले कोल्हापूरकर गुळवणीवर अडून बसले. शेवटी तिन्ही करायचं ठरलं. आमच्या मजल्यावरचे सगळे वाद असेच मिटायचे, कुणीच मागे हटायचं नाही आणि काम वाढवून घ्यायचं.

मी इंजिनिअरिंगची असल्यामुळे सामानाचा हिशेब माझ्याकडे आला. मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. वीस खोल्या, माणसं साधारण नव्वद, प्रत्येकी तीन पोळ्या, वर पाहुणे, म्हणजे तीनशे पोळ्या धरा. एक किलो डाळीत किती पोळ्या होतात ते आईला विचारत होते तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “बारा किलो डाळ, बारा किलो गूळ. आकडेमोड कर न्हायतर नको करू.”

मी तरी आकडेमोड केली. उत्तर बाराच आलं.

तो आवाज ५२ नंबरच्या मावशीचा. आता तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण खरं तर हा लेख तिच्यामुळेच लिहायला घेतला.

मावशी आमची नात्याने कुणीही नाही. मूळची पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला आली, नवरा गिरणीत. तिने खानावळ चालवली. गिरणगावात खानावळवाल्या बायका म्हणजे एक मोठी संस्थाच होती. गावाहून एकटे आलेले कामगार पाळीपाळीने एका खोलीत राहायचे आणि जेवायला अशा एखाद्या बाईकडे महिना ठरवून ‘मेंबर’ व्हायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. मावशीकडे पस्तीस मेंबर होते. दोन वेळचे पस्तीस डबे, म्हणजे रोजच्या दोनशेच्या वर चपात्या. बारा किलोचा अंदाज तिला कॅल्क्युलेटरशिवाय का आला, ते आलं लक्षात?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. हे सगळं मी नंतर वाचलं, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मला ते आठवत नाही. मावशीचा नवरा संपानंतर दोन वर्षांनी गेला. मूलबाळ नव्हतं. मेंबर गावी निघून गेले तशी खानावळ बंद पडली. मग ती पोळी-भाजीचे डबे करू लागली आणि आमच्या मजल्यावर एका खोलीत भाड्याने राहू लागली. खोलीचे मूळ भाडेकरू कधीचेच विरारला गेले होते. म्हणजे कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. पाचशे चौरस फुटांच्या यादीत सगळा मजला होता, ती नव्हती. याबद्दल कुणाला दोष द्यावा तर तोही देता येत नाही. नियम नियमासारखा होता. ती जाणार होती भावाकडे, पाटणला.

आई एका नर्सिंग होममध्ये काउंटरवर, बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. मला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम मावशीकडे. मोबदला म्हणून आई पैसे द्यायला गेली तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, “येताना भाजी घ्यायला मला त्याच वाटंनं जायचं असतंय.”

आता ती गोष्ट, जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

मी चौथीत होते. पावसाळा होता. शाळेच्या गेटवर सगळ्यांच्या मम्मी रंगीत छत्र्या घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यात मावशी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काळी मोठी छत्री. माझ्या नव्या मैत्रिणीने विचारलं, “इज शी युवर ग्रँडमदर?” मी एका सेकंदात उत्तर दिलं, “नो, शी इज अवर सर्व्हंट.”

मावशी दोन पावलांवर होती. तिने माझं दप्तर घेतलं, मला छत्रीत घेतलं आणि आम्ही घरी आलो. तिला इंग्रजी कुठे येतं, असा मी विचार केला आणि विसरून गेले. विसरून गेले असं म्हणायचं एवढंच. परीक्षेच्या आधी, आजारी असताना, रात्री झोप येत नसली की ते गेट आठवायचं. पण तिच्याशी बोलायची वेळ आली की वाटायचं, तिला कळलंच नाही तर उगाच कशाला उकरून काढायचं?

होळीच्या आठवडाभर आधी बाबा म्हणाले, “कॉलेजच्या मैत्रिणींना बोलव की. पुन्हा काय ही चाळ दिसणार आहे का?” मी म्हटलं, “त्यांची सबमिशन आहेत.” बाबा काहीच बोलले नाहीत. तिकीट न काढलेला प्रवासी ते चेहऱ्यावरून ओळखतात. नुसते बघतात आणि पुढे जातात, आणि मग त्या माणसाला स्वतःहून पैसे काढावेसे वाटतात. बुधवारी रात्री मी दोघींना फोन केला. एक ठाण्याची, एक नागपूरची हॉस्टेलवाली. पत्ता सांगताना ‘चाळ’ हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. पलीकडून नागपूरकरीण एवढंच म्हणाली, “जेवायला काय आहे?”

गुरुवारी मी लेक्चर बंक केली. (सर, वाचत असाल तर माफ करा.) पहाटे पाचला पॅसेजमध्ये डाळ शिजायला लागली. पंधरा-सोळा बायका, चार शेगड्या, आणि मधोमध मावशी एका पाटावर बसून राज्य करत होती. डाळ बोटाने दाबून बघायची, गाळून कट बाजूला काढायचा, गूळ घालून आटवायचं, उलथनं पुरणात उभं राहिलं की उतरवायचं, हे सगळं तिच्या हुकमाने. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. तिचं पुरणयंत्र पितळी, खानावळीच्या काळातलं. दांडा फिरवून माझे दोन्ही खांदे दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली, “जिम लावलीया म्हणं तू?”

मला वाटलं, आता बोलावं. वेलदोडा-जायफळाचा वास सुटला होता, सगळ्या बायका आपापल्या गप्पांत होत्या.

“मावशी, मी चौथीत होते ना, तेव्हा...”

“पोळी बघ, करपतीया,” ती म्हणाली.

पोळी खरंच करपत होती. विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी मैत्रिणी आल्या. मला वाटलं होतं त्या काही बोलतील किंवा मुद्दाम काही बोलणार नाहीत. दोन्ही झालं नाही. ठाणेकरीण जिना चढतानाच ४४ नंबरच्या काकूंच्या तावडीत सापडली आणि दहा मिनिटांत नारळ खवायला बसली. नागपूरकरणीने पोळी बघून “एवढुसं तूप? आमच्याकडे वाटीत घेऊन बुडवतात!” असं जाहीर केलं आणि मजल्यावर चौथी पार्टी स्थापन झाली. मी दोन वर्षं ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

मुहूर्त रात्री उशिराचा होता, म्हणून नैवेद्य काढून ठेवून पंगत आधी बसली. पॅसेजच्या दोन्ही भिंतींना पाठ लावून, समोरासमोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रावळी. ५५ नंबरचे काका बौद्ध. ते होळी पेटवायला येत नाहीत, पण पोळी खायला मात्र हक्काने येतात आणि १४ एप्रिलला अख्ख्या मजल्याला जेवायला घालतात. यंदा १४ एप्रिलपर्यंत आम्ही इथे नसणार, म्हणून त्यांनी खीर त्याच दिवशी करून आणली. “जयंतीचं ॲडव्हान्समध्ये घ्या,” म्हणाले. सगळे हसले आणि मग एकदम कुणीच काही बोलेना. तेवढ्या वेळात फक्त पापड मोडल्याचे आवाज येत होते. खरं सांगते, तोपर्यंत ही शेवटची पंगत आहे हे मला नुसतं माहीत होतं, कळलं तेव्हा.

मावशी तुपाचं भांडं घेऊन वाढत वाढत आमच्यापाशी आली. नागपूरकरणीच्या पोळीवर तिने चांगलं दोन पळ्या तूप ओतलं. ती खूश होऊन मला म्हणाली, “ह्या कोण गं? तुझ्या आजी का?”

तोच प्रश्न. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी मावशीच बोलली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

“मी? मी आपली हिची सर्व्हंट.”

दोघी मैत्रिणी हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी विनोदी आहे. आजी म्हणाली, “काहीतरीच बोलतीस!” मावशी पुढच्या पानाकडे गेली. माझ्या घशात घास अडकला तो पाण्यानेही खाली जाईना. म्हणजे तिला माहीत होतं. त्या दिवशी गेटवर, छत्रीत, घरी येईपर्यंत, आणि नंतरची सगळी वर्षं.

रात्री मैदानात होळी रचली. दरवर्षी लाकडं विकत आणावी लागायची, या वेळी उलट झालं. ज्याच्या त्याच्या घरातलं जे नव्या जागेत जाणार नव्हतं ते सगळं खाली आलं. माळ्याच्या फळ्या, मोडका पलंग, वाळवी लागलेली कपाटाची दारं. मधोमध एरंडाची फांदी. आमच्या मजल्याचा एक लाकडी पाळणा होता, ज्यात मी, माझा भाऊ आणि निम्मा मजला झोपून मोठा झाला. तो कुणीतरी खाली आणला होता, पण चार बायकांनी मिळून तो परत वर नेला. कुणाच्या नव्या घरात तो मावणार हे त्यांनाही माहीत नव्हतं.

होळी पेटली, नारळ पडले, नैवेद्य गेला, पोरांनी बोंब ठोकून घेतली. मग मावशी पुढे आली. तिच्या हातात एक वही होती. लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी.

“काय गं ते?” आजीने विचारलं.

“खानावळीची उधारी, वहिनी. संपातली.”

बाबांनी वही हातात घेऊन उघडली. होळीच्या उजेडात पानं दिसत होती. पहिलं नाव, गाव, आणि पुढे महिन्यांच्या रेघा. कुणाचे तीन महिने, कुणाचे सहा. पगार बंद झाले तरी ती जेवायला घालत राहिली होती. वाण्याकडे स्वतःचे दागिने ठेवून. एकेक करून माणसं गावी गेली, काही परत आली, बरीचशी आलीच नाहीत. बाबा पानं उलटत होते आणि एका पानावर थांबले. ते माझ्या आजोबांचं नाव होतं.

आजीने हळूच सांगितलं. संपात घर चालेना म्हणून आजोबांनी तिला आणि पोरांना गावी पाठवलं होतं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. आजोबा इथेच राहिले, संप मिटेल या आशेवर. जेवायला मावशीकडे. आठ महिने. एकूण ८४० रुपये. संप काही मिटला नाही आणि गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. नंतर वॉचमनकीवर चार पोरं वाढवताना ते पैसे राहून गेले, आणि मग तो विषयच राहून गेला.

बाबांचा हात खिशाकडे गेला. त्रेचाळीस वर्षांनी ८४० रुपये म्हणजे किती द्यायचे, हा हिशेब तर मला कॅल्क्युलेटरवरही जमला नसता.

“सणाच्या दिवशी हिशेब करतूस व्हय रे?” मावशी खेकसली. तिने वही बाबांच्या हातातून ओढून घेतली आणि होळीत टाकली. “निम्मे तर गेले असतील वर. त्यास्नी कुठं शोधू? आन् ही बुकं पाटणपातूर कशाला व्हायची?”

कापडी पुठ्ठा लगेच पेटत नाही. वही बराच वेळ तशीच काळी पडत राहिली. मी बघत होते. जिला मी आमची नोकर म्हणाले होते, तिचे आम्ही माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून देणेकरी होतो. आणि हे तिला माहीत होतं, आजीला माहीत होतं. मी मात्र इंग्रजीत बोलत होते.

सगळे वर गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“मावशी, तुला माहीत होतं?”

“काय?”

“ते... सर्व्हंट.”

“माझ्याकडं एक मेंबर होता, गोदीत साहेबाच्या हापिसात कामाला. त्यानंच शिकवला हुता शब्द,” ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली.

“मग तेव्हाच का नाही बोललीस? एक थोबाडीत द्यायचीस.”

“नऊ वर्साच्या पोरीला काय बोलायचं? त्या दिवशी घरी आल्यावर तुला जेवाय वाढलं का न्हाय?”

“वाढलंस.”

“मग झालं तर.”

मी सॉरी म्हटलं. शाळेत इतक्या वेळा ‘से सॉरी’ शिकवलं होतं, पण तो शब्द इतका किरकोळ मला कधीच वाटला नव्हता. मग मी विचारलं, “मग आज का बोललीस?”

ती जरा वेळ गप्प बसली. “मी जानार. तुला वाटत ऱ्हायलं असतं, म्हातारीला कळलं हुतं का न्हवतं. तेवढं कशाला मागं ठेवायचं? आता ऊठ. सकाळी होळीवर पाणी तापवायला लवकर खाली यायचं हाय.”

मार्चच्या शेवटच्या रविवारी ती गेली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक गोणी. बाबा तिला एस.टी.त बसवायला निघाले. जाताना तिने पुरणयंत्र माझ्या हातात ठेवलं. मी रडायला लागले, म्हटलं, “नको, तुझं आहे ते, तुझ्यापाशी असू दे.”

“देत न्हाय काय तुला,” ती म्हणाली, “उसनं देतीया. पुढच्या शिमग्याला परत आणून द्यायचं. हरवलंस तर भरून घीन.”

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मी तिला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, “दारं समोरासमोर हायती का?” मी म्हटलं, “आहेत, पण बंद असतात.” “तुमची उघडी ठेवा,” ती म्हणाली. आमचा नंबर लागायला अजून वेळ आहे. सध्या आम्ही भाड्याच्या घरात राहतो. चांगलं आहे. संडास आतच आहे. समोरच्या घरात टीव्हीवर काय चालू असतं ते कळत नाही.

लेख वाचून झाल्यावर ठाणेकरीण मला ओरडणार आहे, कारण तिला त्या रात्रीचा विनोद अजून विनोदच वाटतो. आणि संपादक मंडळाला एक विनंती. या होळीला माझी असाइनमेंट, जर्नल, व्हायवा जे काही असेल ते मी पुढे ढकलणार आहे. पुरणयंत्र कापडात गुंडाळून तयार ठेवलंय. कारण सांगताना ‘घरगुती अडचण’ लिहिणार नाही. ‘उसनं परत करायला पाटणला जात आहे’ असंच लिहीन, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं कुणीतरी तपासून द्या.